काहीच कमी नसलेला माणूस

येळवशीला आमचं गाव रिकामं होतं. धाराशिवात वर्षातून हा एकच दिवस असा येतो, की भर दुपारी बाजारपेठेत उभं राहिलं तर आपल्याच चपलांचा आवाज ऐकू यावा. मार्गशीर्षातली ती वेळ अमावस्या, रानाच्या पूजेचा दिवस. सकाळपासून लोक पालेभाज्यांच्या भज्जीची पातेली, आंबिलाची मडकी, बाजरीच्या उंड्यांच्या टोपल्या घेऊन रानाकडं निघतात. ज्यांना रान नाही त्यांना, ज्यांना आहे ते हाताला धरून ओढून नेतात. मलाही बोलावणं येतं. शेजारची सून दरवर्षी दारात येऊन उभी राहते. "काकू, चला की. गाडीत बसायचं आणि रानातल्या कोपीपाशी उतरायचं. चालायचं नाही काही." मी गुडघ्यांचं कारण सांगते. गुडघे दुखतात हे खोटं नाही.

गल्ली निवली की मी गॅलरीत खुर्ची टाकून बसते. गावाच्या कडेनं अजून थोडी शेतं उरली आहेत. तिकडून निसवलेल्या शाळू-ज्वारीचा कच्चा, दुधाळ वास येतो. मग हरभऱ्याची आंब, मग कुठंतरी पेटवलेल्या शेण्यांचा धूर. वासांचं एक बरं असतं, ते वयाला जुमानत नाहीत. मी पुन्हा बावीस-तेवीस वर्षांची होते, वाशीच्या डाकबंगल्याच्या ओसरीवर उभी असते, आणि समोर बैलगाडीतून ईट गावचे ज्ञानोबा उतरत असतात. उतरणं म्हणावं असं ते नसायचंच. त्यांची बायको कौसल्याबाई आधी खाली यायची आणि हात पुढं करायची. मग ते तिच्या हाताकडं बराच वेळ बघत राहायचे. हा हात कशासाठी असतो, ते आठवत असल्यासारखे.

विलीनीकरणाला तेव्हा दहा-बारा वर्षं होऊन गेली होती. निजामाचं राज्य गेलं, तरी कचेरीतले जुने लोक अर्जाला अजून 'दरखास्त'च म्हणत. माझे वडील तुळजापूरला मास्तर. निम्मी नोकरी त्यांनी उर्दूतून शिकवण्यात घालवली आणि उरलेली मराठीतून. आपण शिकवलेलं सगळं एका रात्रीत दुसऱ्या भाषेत गेलं, याचं त्यांनी कधी दुःख केलं नाही. पण मुलीनं शिकावं हा हट्ट त्यातूनच आला असावा. मी विद्यापीठात मानसशास्त्र घेतलं तेव्हा गल्लीतले पुजारी त्यांना विचारायचे, "मास्तर, मानसशास्त्र म्हंजी वो काय?" वडील म्हणायचे, "मला बी नीट कळलेलं न्हाई. पर पुस्तकं लई जाड हैत."

आमच्या विभागात करंदीकर सर होते. उंच, किडकिडीत, बोलताना समोरच्याच्या अंगावर किंचित झुकणारे. त्यांनी विभागातल्याच एका खोलीत मनाच्या दुखण्यांसाठी दवाखाना उघडला होता. तिथं कुणी यायचं नाही. शहरातल्या माणसाला ओळखीचं कुणी बघेल याची धास्ती. सर म्हणाले, लोक येत नसतील तर आपण जाऊ. असा तो दवाखाना एका हिवाळ्यापुरता आमच्या जिल्ह्यात आला. वाशीला, डाकबंगल्याच्या दोन खोल्यांत, आठवड्याच्या बाजारादिवशी. वाशी आता तालुका झालीय, तेव्हा नुसतं मोठं बाजाराचं गाव होतं. सरांनी वर्गात विचारलं, बिनपगारी मदतनीस म्हणून कोण येईल? मी हात वर केला. माझी मावशी वाशीला होती, म्हणजे राहण्याखाण्याचा प्रश्न नव्हता. शिवाय मला वाटत होतं, माणसांच्या मनात शिरायचं दार आपल्याला सापडलेलं आहे.

पहिल्या बाजाराला जे लोक आले ते सगळे चुकून आले. डाकबंगल्यात डाक्टर बसलाय एवढंच त्यांच्या कानावर गेलेलं. कुणी डोळे दाखवले, कुणी फोड. एक म्हातारी सरांसमोर दंड उघडा करून बसली आणि सुई मिळणार नाही म्हटल्यावर रागानं उठली. "सुई न्हाय देत तर मग कसला डाक्टर? नुसतं बोलायला आमचं जावई बी लई भारी हाय." सर मनापासून हसले. पण हळूहळू खरे लोकही येऊ लागले. बाळंतपणानंतर भिंतीकडं तोंड करून बसणारी एक सून, दातखिळी बसणारी एक पोर. डाकबंगल्यात जायचं म्हणजे साहेबापुढं जायचं, म्हणून पायताणं लांब लिंबाखाली काढून ठेवायचे आणि अनवाणी यायचे.

माझं काम झाडण्यापासून होतं. सतरंजी अंथरायची, माठ भरायचा, आलेल्याला बसवायचं, घाबरलेल्याशी इकडचं तिकडचं बोलायचं. पण खरं काम निघालं ते दुभाष्याचं. सर पुण्याचे. मराठी त्यांचीही आणि लोकांचीही, तरी मधे मी लागायची. कुणी म्हणालं, "जीव उडाल्यागत हुतोय," की सर माझ्याकडं बघायचे. मी म्हणायची, छातीत धडधड होते, भीती वाटते. सर मान हलवायचे. मला मात्र दर वेळी वाटायचं, पलीकडं नेताना ओंजळीतलं निम्मं पाणी गळून गेलं.

ज्ञानोबा दिवाळी झाल्यावर पहिल्यांदा आले. चाळिशीचे असतील. रुंद खांदे, शेतात उभा आडवा राबलेला देह. ईटला चांगलं काळं रान, बारमाही पाण्याची विहीर, दावणीला जनावरं, मोठा मुलगा हाताशी आलेला. कौसल्याबाईंनी हे सगळं ओसरीवरच मला सांगून टाकलं. तिचं माहेर उमरग्याकडचं, कानडी मुलखाच्या शेजारचं. बोलताना तिचे शब्द जरा लांबायचे. शेवटी ती म्हणाली, "आमच्यात काय बी कमी न्हाय बगा बाई. देवाच्या दयेनं समदं हाय. म्हनून तर कळंना."

आत सरांनी विचारलं, "काय होतंय तुम्हाला?"

ज्ञानोबा म्हणाले, "काय बी हुत न्हाय."

सरांना वाटलं, माणूस टाळतोय. मी हळूच म्हटलं, "सर, ते उत्तर देताहेत. तेच होतंय त्यांना. काहीच होत नाही."

ज्ञानोबांनी त्या दिवशी पहिल्यांदा मान वर करून माझ्याकडं बघितलं.

दोन-तीन बाजार गेल्यावर त्यांनी सांगितलं ते असं. आदल्या वर्षी शाळू लई पिकला. खळ्यात रास पडली. पोरांनी राशीची पूजा केली, नारळ फोडला, आणि हे राशीसमोर उभे होते. "बघितली रास. लई मोठी. आन वाटलं, आता ही पोत्यात भरायची. मग खायची. मग ऱ्हायलेली परत पेरायची. मग परत ही रास. ततंच बसलो मी खाली. लोकं म्हनली, ऊन लागलं. ऊन न्हवतं लागलं."

तेव्हापासून ते बसलेलेच होते. सकाळी बायकोनं उठवलं तर उठायचे, ताट समोर ठेवलं तर चार घास खायचे, बांधावर नेऊन बसवलं तर दिवस मावळेपर्यंत तिथंच. भांडण नाही, आरडाओरडा नाही. सोनारीच्या भैरवनाथाला नेलं, ओळीनं रविवार धरले. मी विचारलं, तिथं काय झालं? ते म्हणाले, "देवाम्होरं बसलो. देव काय बोलला न्हाय. म्या बी न्हाय बोललो." यात तक्रार नव्हती. दोन माणसांची गाठ पडली आणि बोलणं झालं नाही, एवढंच.

त्यांना सगळ्यात जास्त कशाचा त्रास होत असेल तर एका प्रश्नाचा. भाऊबंद, सोयरे, गावचे पाटील, जो येईल तो बांधावर टेकायचा आणि म्हणायचा, "ज्ञानबा, आरं तुला कमी काय हाय?" ते मला म्हणाले, "बाई, म्या बी सोताला तेच इचारतो. रोज इचारतो. काय तरी कमी आसतं तर बरं झालं आसतं. पोरगं गेलं आसतं, बैल मेला आसता, तर लोकं म्हनली आसती, दुःख हाय बाबा त्येला. माझ्यापाशी तेवढं बी न्हाय दावायला."

हे मी सरांना सांगितलं. सर उठून खिडकीपाशी गेले. बाहेर बाजार भरात होता, गुळाच्या ढेपा, मिरच्यांचे ढीग, बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा एकसारखा नाद. ते परत येऊन ज्ञानोबांच्या अगदी जवळ बसले आणि म्हणाले, "हे बघा, हा आजार आहे. तुमचा काही दोष नाही. आमच्या शास्त्रात याला नाव आहे."

ज्ञानोबांचा चेहरा बदललेला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. "नाव हाय व्हय?" ते म्हणाले. "मंग बरं झालं. नाव हाय म्हंजी आनखी कुनाला तरी झालं आसंल."

"पुष्कळांना होतो."

"कुनाला झालंय? कुठल्या गावचा हाय त्यो?"

सरांनी वही उघडली आणि मिटली.

"लांबचा आसला तरी चालंल," ज्ञानोबा म्हणाले. "म्या जाईन त्येच्याकडं. बोलायचं काय न्हाय. नुस्तं शेजारी बसून यीन."

सरांनी पुस्तकात शेकडो रुग्णांबद्दल वाचलं असेल. त्यातला एकही असा नव्हता की ज्याच्या शेजारी ईटचा माणूस जाऊन बसेल. सरांनी मोठ्या शहरातल्या इस्पितळाचं सुचवून पाहिलं. नव्या गोळ्या निघाल्याचं ते ऐकत होते, पण त्या आमच्यापर्यंत पोचायला अजून अवकाश होता. कौसल्याबाईंनी इस्पितळ म्हणताच मान हलवली. वेड्यांच्या दवाखान्यात नेलं तर पोरीचं लग्न कोण लावून घेणार? तेव्हा उरलं ते बोलणं, आठवड्यातून एकदा.

आणि तरी त्या हिवाळ्यात काहीतरी हलत होतं. म्हणजे आम्हाला तसं वाटत होतं. एका बाजारी ते गाडीतून आपले आपण उतरले. एकदा त्यांनी माझ्या वडिलांचं गाव विचारलं. सर छोट्या छोट्या कामांचं सुचवायचे, आज एकाच बैलाला पाणी पाजा, उद्या एकच वाफा भिजवा. कौसल्याबाई ओसरीवर बसून कान देऊन ऐकायची आणि घरी जाऊन तसंच करून घ्यायची. औषधाची वेळ पाळावी तसं.

मग येळवस आली. कौसल्याबाईच्या माहेराकडं या सणाचं फार मोठं प्रस्थ. ती म्हणाली, "औंदा आमच्या रानात यायाचं. सरास्नी बी आना. मालक सोता म्हनले, बोलीव म्हनून." ते स्वतः म्हणाले! सरांनी हे माझ्याकडून दोनदा वदवून घेतलं.

गटविकास अधिकाऱ्यांच्या जीपनं आम्ही ईटला गेलो. थंडी मऊ होती आणि ऊन कोवळं. शाळू डोक्याच्या वर गेलेला, कणसांवर पाखरं लोंबकळत होती. रानाच्या मधोमध कडब्याची कोप केलेली. आत चुना लावलेले पाच दगड, ते पांडव. समोर नवं मडकं. कौसल्याबाई हसत पुढं आली आणि कोपीकडं बोट दाखवून कुजबुजली, "काल दिसभर खपून त्यांनीच केली. सोताच्या हातानं."

पूजा झाली. आंबिलाचं मडकं डोक्यावर घेऊन रानाला फेरी घालायची असते, पाल्यानं आंबील शिंपडत, सणाची कानडी वळणाची आरोळी देत. थोरला मुलगा मडकं उचलायला वाकला तेव्हा ज्ञानोबा म्हणाले, "आन हिकडं." आणि त्यांनी ते डोक्यावर घेतलं. "होलगे होलगे, सालम पोलगे!" पहिली हाक बारीक निघाली. दुसरी जरा मोठी. बांधाच्या वळणावर ते शाळूआड गेले, दिसेनासे झाले, आणि तिथून तिसरी आरोळी आली. शेजारच्या रानातल्या लोकांनी तिकडून ओ दिली. शेतभर कणसांच्या वरून ते मडकं तेवढं पुढं सरकताना दिसत होतं. कौसल्याबाईनं पदराचा बोळा तोंडात धरला होता. ती हसत होती की रडत होती ते मला कळलं नाही. तिलाही कळलं नसावं.

नंतर आम्ही कोपीच्या सावलीत जेवलो. भज्जी, उंडे, तिळाची पोळी, गव्हाची खीर. सर उकिडवे बसून आंबील प्यायला लागले तर ती कोपरापर्यंत ओघळली, आणि ज्ञानोबा हसले. चांगले खो-खो हसले. "सायेब, मडक्याला तोंड लावा. आमच्यात लाजत न्हाईत." धाकटी पोर बापाच्या तोंडाकडं बघतच राहिली. रास पडली त्या दिवसापासून तिनं हे हसू बघितलं नव्हतं.

परत येताना सर जीपमध्ये गुणगुणत होते. मधेच म्हणाले, "विमल, पाहिलंस ना?" मी पाहिलं होतं. दिवस मावळतीला लागला होता. सगळ्या शिवारात कोपींच्या पुढं दिवे लागत होते, माणसांचे बोलण्याचे आवाज वाऱ्यावर येत होते आणि मला वाटत होतं की या जगात दुरुस्त न होणारं असं काही नसेलच. पुढं आयुष्यात पुष्कळ बऱ्या गोष्टी झाल्या. तितकी खात्री मात्र पुन्हा कधी वाटली नाही.

पुढच्या बाजाराला गाडी आली. कौसल्याबाई उतरली, तिनं हात पुढं केला, आणि ज्ञानोबा त्या हाताकडं बघत बसले.

आत आल्यावर सरांनी उत्साहानं येळवशीचा विषय काढला. ज्ञानोबा खाली सतरंजीकडं बघत होते. माझ्याकडं वळून म्हणाले, "बाई, सायबास्नी सांगा. त्या दिशी मला बी वाटलं, आलं. माघारी आलं. रानभर वरडलो म्या. जेवलो. हसलो बी. सांच्याला कोपीतनं भाईर आलो आन बगतोय तर गेल्यालं." मग म्हणाले, "आदी ते न्हवतंच, त्येची सवय झाल्ती. ह्ये येऊन गेलं ह्येचं लई वाईट."

सर म्हणाले, "चढउतार होणारच. याचा अर्थ..." आणि ते अर्थ सांगत राहिले. त्यांचं चुकत नव्हतं. पुस्तकंही तेच म्हणतात. पण मी मधे बसले होते आणि माझ्या डाव्या हाताला एक माणूस होता, त्याला त्यातला एक शब्दही पोचत नव्हता. मी भाषांतर केलं. भाषांतर बरोबर होतं.

त्यानंतर ते येत राहिले, पण बोलणं आटलं. पूर्वीचं गप्प बसणं आणि हे गप्प बसणं यात फरक होता. पूर्वी ते काहीतरी शोधत असल्यासारखे बसत. आता शोधणं संपलं होतं. मी तासभर त्यांच्याशेजारी बसायची. कधी माझ्या मावशीच्या म्हशीबद्दल काही सांगायची, कधी नुसतीच. त्यांनी एकदा विचारलं होतं ना, की दुसऱ्या कुणाच्या शेजारी बसता येईल का? तो दुसरा काही आम्हाला सापडला नव्हता. मी होते. मला तो आजार नव्हता.

माघ संपत आला आणि शाळूची काढणी लागली. रानं करडी, पांढुरकी पडली. वाऱ्यात सुकल्या पानांचा खळखळाट आणि सगळीकडं धसकटांचा वास. एका बाजाराला कौसल्याबाई एकटीच आली, चालत, डोक्याला धडुतं गुंडाळलेलं, हातांवर पानांचे चरे. मी तिला माठातलं पाणी दिलं. ती आत आली पण बसली नाही.

"सायेब, आता आमी येनार न्हाय."

सर खुर्चीवरून उठले. "असं करू नका, कौसल्याबाई. मधे सोडायचं नसतं. वेळ लागेल, पण बरं वाटेल त्यांना. तुम्ही आशा सोडू नका." आणि सवयीनं माझ्याकडं बघितलं.

मी तोंड उघडायच्या आत तिनं मला हातानं थांबवलं. "ऱ्हाऊ द्या बाई. मला कळलं त्येंचं." मग सरांकडं वळून, अगदी शांतपणानं म्हणाली, "तुमी लई चांगलं मानूस हाव. घरच्यानं केलं नसतं तेवढं केलं. पर म्या आता शाळू काढू का आस धरू? दोनी एका हातानं हुत न्हाय सायेब. शाळू काढाया लागंल."

सरांनी चष्मा काढला आणि रुमालानं पुसत राहिले. कौसल्याबाईनं दोघांनाही वाकून नमस्कार केला. ओसरीवर मी तिच्यामागं गेले. तीच म्हणाली, "येळवशीपर्यंत मला झोप लागायची बगा. कामानं आंग पडलं की झोप. त्या दिसापासनं लागंना. आईकत बसते, ते उठले का म्हनून." मग लिंबाखालची पायताणं पायात सरकवून ती बाजारातल्या गर्दीत गेली.

त्यानंतर परीक्षेचे दिवस आले. सरांना विद्यापीठात परत जावं लागलं. डाकबंगल्याच्या खोल्या आम्ही झाडून, सतरंजी गुंडाळून रिकाम्या करून दिल्या. पुढच्या हिवाळ्यात पुन्हा येऊ, असं सर सगळ्यांना सांगत होते आणि ते त्यांच्या मनातही होतं. पण पुढच्या हिवाळ्यापर्यंत ते दुसऱ्या विद्यापीठात गेले, आणि असला दवाखाना त्यांच्याशिवाय कुणाच्या डोक्यात नव्हता. आला तसा गेला. वाशीत कुणी चौकशी केल्याचंही ऐकिवात नाही.

मी परीक्षा दिली, पास झाले आणि मुलींच्या शाळेत मराठी शिकवायला लागले. माणसांच्या मनात शिरायचं दार सापडल्याचं मी पुन्हा कधी म्हटलं नाही. शाळेत कधी कधी एखादी मुलगी शेवटच्या बाकावर तशी बसलेली दिसायची, डोळे उघडे आणि आत कुणी नसल्यासारखी. मी तास संपल्यावर तिच्याशेजारी जाऊन बसायची. इतर शिक्षिका विचारायच्या, काय झालंय तिला? घरचं चांगलं आहे की, कमी काय आहे? तोच प्रश्न. आता शाळेत समुपदेशक येतात, टीव्हीवर या आजारावर चर्चा होतात, त्याचं नाव पोरंसोरंसुद्धा घेतात. प्रश्न काही बदललेला नाही.

ईटला मी पुन्हा गेले ती शाळेच्या परीक्षा केंद्रावर देखरेखीसाठी. तोवर माझे केस पांढरे झाले होते. पेपर दुपारी संपला आणि मी पत्ता विचारत गेले. घर पक्कं झालं होतं, पुढं फरशी, दारात मोटारसायकल. कौसल्याबाई ओट्यावर तूर निवडत होती. डोळ्यांवर जाड भिंगाचा चष्मा. तिनं मला आवाजावरून ओळखलं. "वाशीच्या बाई!" म्हणून तिनं माझे दोन्ही हात धरले आणि सुनेला चहा टाकायला सांगितला.

ज्ञानोबा जाऊन बरीच वर्षं झाली होती. साध्या तापानं गेले. पोरीचं लग्न चांगलं झालं होतं, नातवंडं शिकत होती. समदं हाय, म्हणाली.

मी म्हटलं, "तुम्ही नंतर आला नाहीत. आणि मग दवाखानाही उठला. ज्ञानोबांना वाईट वाटलं असेल."

ती तूर निवडता निवडता थांबली. "म्या त्यास्नी सांगितलंच न्हाय बाई."

"काय?"

"दवाखाना उठला म्हनून. म्या वाशीस गेलते बाजाराला, तवा कुलूप बगितलं. घरी येऊन बोलले न्हाय." तिनं सुपातला एक खडा उचलून लांब टाकला. "तुमच्याकडं यायाच्या दिशी ते सोता उठून आंघूळ करायचे. बाकी समदे दिस म्या घालायची. बाजाराच्या दिशी तेवडं आपनहून. धुतल्यालं नेसायचे आन हितं ओट्यावर यून बसायचे. मला इचारायचे, गाडी कवा जुपतीस? म्या म्हनायची, बैल रानात गेल्यात, पुढल्या बाजारी जाऊ. मंग सांजपातूर बसायचे आन आत यायाचे."

"किती दिवस?"

"ऱ्हायले तवर."

चहा आला. तो आमच्या दोघींच्यामधे ओट्यावर निवत राहिला. रस्त्यावरून कडब्याची एक गाडी गेली आणि पानांचा चुरा उडून फरशीवर आला.

"इतकी वर्षं," मी म्हटलं, "आणि त्यांना संशय आला नाही?"

कौसल्याबाईनं चष्म्यातून माझ्याकडं बघितलं, जरा रागानंच. "येडं व्हतं व्हय ते मानूस? समदं ठावं व्हतं त्यास्नी. एका बाजाराला म्या जवाब द्यायला इसरले. चुलीपाशी व्हते. तर आत आले आन म्हनले, कौसे, म्या इचारीत जाईन. तू पुढल्या बाजारी म्हनत जा."

मी तिचा हात धरून बसले. तिच्या तळव्याला अजून घट्टे होते. मी विचारलं, मधे कधी एखादा दिवस तरी त्यांना बरं वाटलं का?

"न्हाय," ती म्हणाली, आणि सूप पुन्हा मांडीवर घेतलं.